आमच्या हॉलमधली सामंतांची खोली

सामंतकाकांनी पोर्तुगालमध्ये जे घर घ्यायचं ठरवलं, त्याची एक खोली आमच्या हॉलमध्ये आहे. वाक्य पुन्हा वाचू नका. तुम्ही वाचलंत तेच मी लिहिलंय.

आम्ही सिंगापुरात वुडलँड्सला अकराव्या मजल्यावर राहतो आणि काका आमच्या भिंतीला भिंत लागून. तुआसच्या एका शिपयार्डात ते इंजिनियर होते. वय बासष्ट, उंची पाच फूट तीन, आवाज मात्र सहा फुटी माणसाचा, कारण सगळं आयुष्य मशिनींच्या वरताण बोलण्यात गेलेलं. मार्चमध्ये नोकरी संपणार होती आणि नोकरीबरोबर इथे राहायचा पासही, म्हणजे सिंगापूर सोडायचं. अशा वेळी शहाणी माणसं पुण्यात फ्लॅट बघतात. काकांनी इंटरनेटवर पोर्तुगालच्या एका डोंगराळ खेड्यातलं दगडी घर बघितलं. म्हणाले, आम्हा दोघांना पुरे आहे.

आता यातले 'दोघं' कोण, हा खरा प्रश्न होता. आम्ही राहायला आलो त्याला पाच वर्षं झाली आणि काकांकडे दुसरं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. पण बोलणं सगळं 'आम्ही दोघं', 'आमच्याकडे', 'आम्हाला भेंडी चालत नाही'. काकू गेल्या असणार असं मी आपलं धरून चालले होते. हार घातलेला फोटो दिसत नव्हता, पण काहींना तो सोसत नाही.

तर एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात निळ्या चिकटपट्टीचं रीळ, कानावर पेन्सिल. फार संकोचून म्हणाले, "अगं वैदेही, तुझ्या हॉलमध्ये आमची एक खोली येतेय. आखून घेऊ का?"

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाक मारली. काकांनी आम्हाला दोघांना शांतपणे समजावून सांगितलं. जहाज बांधायच्या आधी पूर्वी ते जमिनीवर खऱ्या मापात आखून बघत. घर तर जहाजापेक्षा कठीण, त्यात राहायचं असतं. म्हणून त्यांनी आपल्या फ्लॅटच्या फरशीवर पोर्तुगालचं घर पट्टीने आखलं होतं, इंच न् इंच. पण घर मोठं आणि फ्लॅट लहान. एक खोली भिंतीतून पलीकडे आमच्याकडे गेली, त्याला ते तरी काय करणार?

मंदारला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा जन्मजात आजार. अर्ध्या तासात आमच्या हॉलमध्ये निळा चौकोन तयार झाला. त्यात मंदारची आरामखुर्ची येत होती, तिला बाहेर काढावं लागलं. जाताना काका म्हणाले, "या खोलीत तेवढं वाईटसाईट बोलू नका हं. वास्तू ऐकते."

हे काकांचं पालुपद. घरात बोललेल्या प्रत्येक शब्दाला वास्तू तथास्तु म्हणते, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी आईकडून ऐकलेलं असतं. आपण ते ऐकून सोडून देतो, काकांनी ते धरून ठेवलं होतं. त्यांच्या घरात काही म्हणजे काही संपत नसे. साखर वाढायची, तांदूळ वाढायचे, गॅसचं बिल भरायची मुदतसुद्धा वाढायची. मंदारने एकदा तिथे बसून 'या उकाड्याने मरतो आता' म्हटलं, तर काकांनी त्याला उठवून बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं आणि ते वाक्य मागे घ्यायला लावलं.

पण आमची मुख्य करमणूक म्हणजे त्या आखलेल्या घरात त्यांना राहताना बघणं. पोर्तुगालच्या जुन्या घरांची दारं ठेंगणी असतात, म्हणून हा पाच फूट तीन इंचांचा माणूस स्वतःच्या हॉलमध्ये मधूनच वाकायचा. भिंती जाड दगडी, म्हणून पट्टी ओलांडायची नाही, दारानेच फिरून जायचं. यात एक गोची अशी झाली होती की त्यांचं खरंखुरं स्वयंपाकघर या नव्या घराच्या बाहेर पडलं होतं, परसात. त्यामुळे चहा करायला जाताना ते चपला घालायचे. परत येताना पायपुसण्याला पाय पुसायचे. आमची नऊ वर्षांची इरा हे बघून खिदळायची. महिन्याभरात तीही तिथे वाकून आत जायला लागली. मी विचारलं तर इथल्या शाळकरी इंग्रजीत म्हणाली, "मम्मा, डोअर इज लो, लाह."

मग हळूहळू मला हसू येईनासं झालं.

पहिल्यांदा जाणवलं ते काकांच्या घरमालकीणबाईंमुळे. मॅडम लिम, सत्तरीच्या, अतिशय चोख बाई. त्या फ्लॅट बघायला आल्या, आत जाऊन आल्या आणि कॉरिडॉरमध्ये मला गाठून हलक्या आवाजात विचारू लागल्या, अंकलने पोटभाडेकरू ठेवलाय का? नियमाप्रमाणे दुसऱ्या माणसाचंही नाव नोंदवावं लागतं. मी म्हटलं, छे, एकटेच असतात. त्यांनी मान हलवली. ते घर एका माणसाचं नाही, म्हणाल्या, आपण चाळीस वर्षं भाडेकरू बघतोय, आत पाऊल टाकल्यावर कळतं. आणि लिफ्टकडे जाताना त्या दोनदा मागे वळून बघत होत्या.

दुसरा प्रसंग आमच्याच घरात. मी हळदीकुंकू केलं, बावीस बायका. हॉल एवढासा, म्हणून चौकोनावर सतरंज्या अंथरल्या, पट्टी पार झाकून गेली. कुणाला काही माहीत असायचं कारण नाही. बायका आल्या, दाटीवाटीने बसल्या, दोघी तर चपलांच्या स्टँडला टेकून बसल्या. आणि बरोब्बर तेवढा चौकोन रिकामा. मी तिळगूळ वाटता वाटता थबकले. "अहो, इथे सरका ना, किती जागा आहे," म्हटलं. हौगांगहून आलेल्या पाटणकरबाई ओशाळून म्हणाल्या, "असू दे. आम्हाला वाटलं, कोणी बसायचंय अजून." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे इथे नमूद करते. नमूद तेव्हाही केलं होतं, मनातल्या मनात, तीन वेळा.

त्या दिवसापासून मी आणि मंदारने भांडायचं असलं की स्वयंपाकघरात जायचं, असा न बोलता करार झाला. स्वयंपाकघर लहान, त्यामुळे भांडणंही लहान व्हायला लागली. काकांचा तेवढा उपकार मान्य करायला हवा.

हळदीकुंकवाच्याच संध्याकाळी काका तिळगूळ न्यायला आले. खोलीच्या कडेला आले, नेहमीप्रमाणे पाय जरा उचलून आत टाकला. तिथे पायरी आहे असं ते म्हणायचे. मी मन घट्ट करून विचारलं, "काका, काकूंना जाऊन किती वर्षं झाली?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. आधी वर छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगं, शुभ बोल. जिवंत आहे ती. मिरजेला असते, भावाकडे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, चहा ठेवला आणि ओट्याला टेकून काकांनी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज लहान झालेला मी ऐकला. नलूकाकू पेटी वाजवत. इथे आल्या, तर खालच्या मजल्यावरून तक्रार आली, पेटी बंद झाली. काका पहाटे तुआसला जात ते रात्री येत. दिवसभर चार भिंती आणि बंद पेटी. नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, या घरात माझी म्हणावी अशी एक खोली तरी आहे का? मला परत जायचंय.

"देवापुढे दिवा लावलेला होता," काका म्हणाले. "ऐन तिन्हीसांज. आणि मी बोललो, जा. मला कुणाची गरज नाही. मी एकटा राहीन."

त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो तसाच ठेवला.

"वास्तूने ऐकलं. अक्षर न् अक्षर खरं केलं."

काकू भांडून राहिल्या नव्हत्या. दिवाळीला फोन करत, ब्लडप्रेशरची चौकशी करत. एकदा तर येते म्हणाल्या, तिकीट काढलं, आणि आठवड्याभरात सगळ्या जगाची विमानं बंद झाली. दुसऱ्यांदा तयारी झाली तर पाय मोडला. काकांची खात्री पटली. ही वास्तू त्यांचंच वाक्य त्यांना परत परत ऐकवत होती. मी वैतागून म्हटलं, अहो, मग खाली व्हॉइड डेकवर, त्या मोकळ्या तळमजल्यावर, जाऊन फोन करायचा आणि बोलवायचं! काका म्हणाले, केला. तेव्हा त्या म्हणाल्या, तिकडे आता माझं काय आहे?

म्हणून घर हवं होतं. जिथे ते वाक्य कुणी बोललेलं नाही असं, आणि जिथे नलूकाकूंची एक खोली आहे असं. मी डोळे पुसले आणि पुणेरी स्वभावाप्रमाणे शंका काढली, की मिरज सोडून पोर्तुगाल कशाला? तिथल्या वास्तूला मराठी कळणार का? काका पहिल्यांदा हसले. "चावी, साबण, पाव, बटाटा, सगळे शब्द त्यांचेच. एवढं ज्याला कळतं त्याला बाकीचंही कळेल. आणि भारतातल्या घरात चारजण येऊन चार गोष्टी बोलतात. तिथे पहिलं वाक्य माझं असेल."

पैसे भरण्याआधी तिथल्या एजंट बाई फोनवर घर दाखवणार होत्या. बाईंचं नाव फातिमा, गळ्यात क्रूस. काका नकाशा धरून बसले होते म्हणून फोन धरायला मी. आमच्याकडे संध्याकाळचे पाच, तिकडे सकाळ. अंधाऱ्या दगडी घरातून फातिमा कॅमेरा फिरवत चालली होती आणि मला मात्र सगळं ओळखीचं वाटत होतं. इथून वाकायचं, इथून डावीकडे. ती कोपऱ्यातल्या खोलीकडे वळली तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "केअरफुल, स्टेप!" फातिमा अडखळलीच. जुन्या चटईखाली दगडाची एक पायरी होती. तिने आश्चर्याने विचारलं की तुम्हाला कसं कळलं, ही तर कुठल्या फोटोत नाही, नकाशातही नाही.

नकाशात नव्हतीच. नकाशा मी स्वतः पाहिला होता. फोन बंद झाल्यावर मी काकांना विचारलं, तुम्हाला पायरी कशी माहीत? त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "अगं, सहा महिने राहतोय ना मी तिथे."

मार्चमध्ये काका गेले. जायच्या आदल्या दिवशी आपल्या हाताने आमच्या हॉलमधली पट्टी सोलून काढली, गोंदाचे डाग रॉकेलने पुसले. मंदारची खुर्ची मूळ जागी ठेवली. मंदार तिच्यात आजतागायत बसलेला नाही.

तिकडे पोचल्यावर तीन दिवस नुसते मेसेज. 'घरात अजून बोललो नाही. पहिलं वाक्य नीट जमलं पाहिजे.' बोलायचं झालं की अंगणात जात होते. फातिमाला वाटलं, यांची वाचा बसली, तिने औषधी काढा आणून दिला. चौथ्या दिवशी मेसेज आला, 'तुझ्याकडे दिवेलागण झाली की फोन लावतो. तू खोलीत उभी राहा. सोबत.'

सातच्या सुमारास फोन आला. आत इरा आणि मंदारचं गणितावरून जुंपलं होतं. ते शब्द नेमके त्या वास्तूच्या कानावर नकोत म्हणून मी लगेच माझा माइक बंद केला. मला फक्त ऐकायचंच होतं. देवापुढे दिवा लावलेला होता. मी हॉलमध्ये गेले, पट्टी नव्हती तरी जागेवर आल्यावर पाय आपोआप उचलला गेला.

समोर काका दिसत होते, त्या खोलीच्या दारात उभे. खोली रिकामी, खिडकीतून ऊन, खिडकीखाली एक पेटी. तिचं झाकण उघडं होतं. काकांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मशिनींवर ओरडणारा हा माणूस घसा साफ करतानासुद्धा घाबरत होता. मला इतकं भरून आलं की वाटलं, सांगून टाकावं, काका, काहीही बोला हो, चालेल.

मग ते हळूच म्हणाले, "नलू, ये. जपून, पायरी आहे."

दोन्हीकडे शांत. मी वाट बघितली. कसली, ते मला विचारू नका. काका तसेच उभे होते, लहान मुलाने निकालाची वाट बघावी तसे. मला ते बघवेना. वास्तू बोलत नसेल तर कोणीतरी बोलायला हवं होतं. मी आमच्या दिव्याकडे बघितलं आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाले, "तथास्तु."

काकांचा चेहरा असा उजळला, मी त्यांना पाच वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. "ऐकलंस?" त्यांनी विचारलं. "तूही ऐकलंस ना?"

मी मान डोलावली. ते म्हणाले, आता तिला फोन लावतो, आणि घाईघाईने ठेवला.

फोन खाली ठेवताना माझ्या लक्षात आलं. माइक मी परत चालू केलाच नव्हता.

मंदारला मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगेन. आधी नलूकाकूंचं तिकीट निघू दे.