तत्त्वासाठी उभे राहिलेले हेडक्लार्क

"दुखणं जुनाट आहे, पण घाबरायचं कारण नाही," डॉक्टर म्हणाले. "प्रोस्टेटचा त्रास आहे. कधी जुना जंतुसंसर्ग असतो, कधी मनाचा ताण. नेमकं कारण बरेचदा सापडतच नाही. पण तुम्ही आठ-आठ तास खुर्चीला चिकटून बसता, त्यानं दुखणं बळावतं. दर अर्ध्या तासानं उठा, लघवी तुंबवू नका, चहा कमी करा आणि रोज कोमट पाण्यात बसा."

हेडक्लार्कनी सगळं लिहून घेतलं. त्यांना काळजी एकच, कचेरीत कुणाला कळता कामा नये. तिथे सकाळी कुणी शिंकलं, तर दुपारपर्यंत त्याला न्यूमोनिया झालेला असायचा. हे तर भलत्याच जागेचं दुखणं! त्यांनी दर अर्ध्या तासानं खिशातला मोबाईल थरथरेल अशी गुपचूप सोय केली.

चौथ्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावून समोर बसवलं. "उद्यापासून जेवणाची सुट्टी सोडून कुणीही जागेवरून हलायचं नाही. आहे कुणाची हरकत?"

माना खाली गेल्या. नेमका तेव्हाच खिसा थरथरला आणि हेडक्लार्क सवयीनं ताडकन उभे राहिले.

"तुम्ही? बावीस वर्षांत तोंड उघडलं नाहीत कधी!"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, साहेब," सुचलं ते बोलून गेले बिचारे.

त्यांच्या पाठोपाठ टायपिस्टबाई उभ्या राहिल्या, मग अख्खी कचेरी. नियम बारगळला आणि हेडक्लार्क एकमतानं कर्मचाऱ्यांचे पुढारी झाले. पुढाऱ्याचं काम काय, तर दर शनिवारी साहेबांसमोर तीन तास बसून वाटाघाटी करायच्या!

पहिल्याच शनिवारी ते अर्ध्या तासानं उठले.

"अहो, निघालात कुठे?" साहेब गडबडले. "बरं, नवे पंखे देतो!"

दुसऱ्यांदा उठले, तेव्हा रजा वाढली. चहाला नको म्हणाले, तर साहेबांना तो बहिष्कार वाटला.

"अहो, खरं काय ते सांगून टाका एकदाचं," टबात गरम पाणी ओतत बायको म्हणाली. "या पुढारीपणाच्या ताणानंच दुखणं वाढतंय तुमचं."

पुढच्या शनिवारी त्यांनी दार लावून घेतलं. "साहेब, मला प्रोस्टेटचा त्रास आहे हो. फार वेळ बसवत नाही, म्हणून उठतो. बाकी काही नाही."

साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले, "वा! भलतेच मुरलेले निघालात! असलं कारण आजवर एकाही पुढाऱ्याला सुचलं नव्हतं. बोला, आणखी काय पाहिजे?"

हेडक्लार्कनी एक सुस्कारा सोडला.

"उंच टेबलं," ते म्हणाले. "उभं राहून काम करता येईल अशी."

साहेबांनी घाम पुसला आणि चाळीस टेबलांच्या मागणीवर सही करून टाकली.