दातेकाकांचा खो

इरा आणि निशांत,

परवा इराने मला फोनवरच्या कुठल्याशा खेळात टॅग केलं. पाच प्रश्न, पाच उत्तरं, एखाद्या आवडत्या गोष्टीची शिफारस, मग पुढच्या पाच जणांना टॅग. खाली तिने लिहिलं होतं, "आजी, हे नवीन आहे. जमेल ना तुला?"

जमेल. पण मला सगळं क्रमाने लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून उत्तरं देण्याआधी हा खेळ आमच्या जिन्यात कुणी आणला ते सांगते. तुम्हाला टोरांटोत टॅग मिळायच्या पुष्कळ आधी आम्हाला इथे जर्मनीत, गेर्लिंगेनमध्ये खो मिळत होता. तो देणारे होते वरच्या मजल्यावरचे दातेकाका.

दातेकाका कुणालाही समोरून हाक मारत नसत. मागून यायचे, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहात टेकवायचे आणि म्हणायचे, "खो." आपण दचकून वळलो की काहीतरी सुचवायचे. "वहिनी, क्वार्क घेताय ते खालच्या फळीवरचं घ्या. वरच्याचं श्रीखंड पाणी सोडतं." क्वार्क म्हणजे इथला चक्का. एकदा माझ्यासारखाच राखाडी कोट घातलेल्या एका जर्मन बाईंना त्यांनी दुकानात असाच खो दिला. बाईंना वाटलं, मागे कुणी शिंकलं. कुणी शिंकलं की इथे म्हणतात तसं, न वळताच त्या म्हणाल्या, "गेझुंडहाइट." काका "डांके" म्हणाले आणि आले तसे परत गेले.

शाळेत ते खो-खो खेळत. मिरजेच्या शाळेतली ती चार वर्षं त्यांच्या दृष्टीने आयुष्याचा पाया होती. पुढची इंजिनिअरिंगची पदवी, जर्मनीतली नोकरी आणि निवृत्ती हा वरचा इमला. नोकरीत त्यांनी जन्मभर पंप तपासले. तपासणीत नापास झालेला पंप कितीही गयावया केली तरी ते पुढे सोडत नसत, असं तुमचे आजोबा म्हणायचे. पंप गयावया कशी करतो, हे मी विचारलं नाही.

आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असते. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर 'केअरवोखं' लिहिलेली लाकडी पाटी लटकते. आपलं झाडून झालं की ती शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. बाकी लोक ती गुपचूप अडकवून जातात. दातेकाका बेल वाजवायचे, मी दार उघडून पाठ करून उभी राहीपर्यंत थांबायचे, मग खो देऊन पाटी हातात ठेवायचे. "इथल्या श्वाबियन लोकांनी खो-खोच खेळलाय वहिनी, फक्त झाडू घेऊन. गेनाऊ, अगदी हेच."

त्यांची बायको रेनाटे. उंच, शांत, इथलीच. लग्नानंतर ती पहिल्यांदा मिरजेला गेली, तेव्हा घरातल्या सगळ्या बायका आपापल्या नवऱ्याला 'अहो' म्हणताना तिने ऐकल्या. तिचा समज झाला की महाराष्ट्रात सगळ्या नवऱ्यांचं नाव एकच असतं. परत आल्यावर तिने ऑफिसातल्या मैत्रिणींना ओळख करून दिली, "दास इस्ट माइन अहो." हे माझे अहो. पुढे मी तिला खरा प्रकार सांगितला. ती थोडा विचार करून म्हणाली, "प्राक्टिश." सोयीचं आहे. आणि तिने ते बदललं नाही. जिन्यातून तिची हाक यायची, "अहो, मुल!" म्हणजे कचरा खाली न्या. त्या हाकेवर आमच्या घरातून तुमचे आजोबाही उठायचे.

रेनाटे गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात काकांनी ब्लॉग सुरू केला. ब्लॉग म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायची वेळ आली, याचं मला हसू येतं. इंटरनेटवर आपलं एक पान असायचं. त्यावर मनात येईल ते लिहायचं, लोकांनी खाली अभिप्राय द्यायचे. तेव्हा पुण्यापासून इथपर्यंत बरेच मराठी लोक लिहायचे आणि एकमेकांना प्रश्नांचे खेळ द्यायचे. काकांच्या ब्लॉगचं नाव होतं 'नववा गडी'. खो-खोत आठ जण बसतात आणि नववा धावतो, म्हणून.

त्यांच्या खेळात सात प्रश्न होते. परत न केलेलं पुस्तक कोणतं? जर्मन दुकानातल्या सामानातून जमलेला पदार्थ कोणता? मराठीत विचार करतानाही जर्मनच आठवतो असा शब्द कोणता? असे. शेवटी एक शिफारस, पण फक्त स्वतः खाल्लेल्या, वाचलेल्या किंवा वापरलेल्या गोष्टीची. मग तीन जणांना खो. चौथा चालणार नाही. सातवा प्रश्न मात्र वेगळा होता: 'तुमचं असं नाव कोणतं, ज्याने आता कुणी हाक मारत नाही?'

उत्तरं आली की काका ती पंपांसारखी तपासायचे. त्सुफेनहाउझेनला राहणाऱ्या कौस्तुभ नावाच्या पुण्याच्या मुलाने आवडत्या पदार्थापुढे लिहिलं, 'सगळंच आवडतं.' काकांनी खाली शेरा मारला, 'सगळं आवडणाऱ्याला काहीच आवडत नसतं. पुन्हा लिहा.' बिचाऱ्याने पुन्हा लिहिलं. त्यात आईच्या हातच्या आमटीबद्दल इतकं लिहिलं की त्याच्या आईने पुण्याहून काकांना फोन करून आभार मानले, आणि मुलगा जेवतो का नीट, तेही विचारून घेतलं.

माझ्यामागोमाग तुमच्या आजोबांनाही खो मिळाला. ते कुरकुरत लिहायला बसले. सातव्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, 'बाळ्या.' त्यांची आत्या त्यांना बाळ्या म्हणायची. इतका संसार केला, पण हे मला एका परक्या माणसाच्या ब्लॉगवर कळलं. त्या संध्याकाळी मी त्यांना "बाळ्या, चहा घेतोस का," असं विचारून पाहिलं. ते म्हणाले, "नको. तुझ्या तोंडी शोभत नाही." पण चहा दोन कप प्यायले.

एकदा जिन्यात मी काकांना म्हटलं, "सगळ्यांची उत्तरं घेता. तुमची कुठे आहेत?"

"मला कुणी खो दिला नाही."

"खेळ तुमचाच आहे ना?"

"आल्झो, वहिनी, खो मिळाल्याशिवाय उठलं की फाऊल. मी खो देऊन बसलोय. कुणीतरी पाठीवर हात ठेवला की उठेन."

आम्हा सगळ्यांना ते पंच वाटायचे. पंचाला कोण खो देतं?

"मग मी देते," मी म्हटलं.

"तुमचे तीन संपले. मी मोजलेत." मग खाली बघत म्हणाले, "शिवाय मी आनंदला दिलाय. तो उत्तरं देईल आणि पुढे मला देईल, असा हिशोब आहे."

आनंद म्हणजे त्यांचा मुलगा. हॅनोव्हरला इंजिनिअर आहे. मराठी त्याला सगळं कळायचं, पण तो उत्तर जर्मनमध्ये द्यायचा, आणि देवनागरीचं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. काकांनी त्याला ईमेलने खो पाठवला तेव्हा त्याने उलट लिहिलं होतं, "डांके पापा, सेर श्योन." म्हणजे आभार, फार सुंदर. कोणतं पुस्तक परत केलं नाहीस, या प्रश्नाचं हे उत्तर. त्यानंतर काही नाही. रेनाटे होती तोवर ती दोघांच्या मधे बसून इकडचं तिकडे करायची. ती गेल्यावर बापलेकांचे फोन हवेवर येऊन थांबायचे. हॅनोव्हरला पाऊस, इथे ऊन, बरं मग.

"अहो काका, त्याला वाचताच येत नाही," मी म्हटलं. "रोमन अक्षरांत पाठवा."

"मराठी रोमनमध्ये लिहायची म्हणजे हातमोजे घालून भात कालवायचा."

"कालवा. मुलगा जेवेल तरी."

ते वर निघून गेले.

त्या वर्षीच्या दिवाळीआधीच्या रविवारची गोष्ट. पुण्याहून भाजणी आली होती आणि काका दरवर्षीप्रमाणे चकल्या पाडायला आमच्याकडे आले होते. सोऱ्या त्यांच्याशिवाय कुणी फिरवलेला त्यांना चालत नसे. "पंपच आहे हा," म्हणायचे. माझा एप्रन बांधून, खुर्चीवर ताठ बसून ते चकल्या पाडत होते. मधेच म्हणाले, "सकाळी पाठवला आनंदला. रोमनमध्ये."

"काय लिहिलंत?"

"खो. खाली बाबा."

"एवढंच?"

"खो एका शब्दाचाच असतो वहिनी. भाषण करून खो देत नाहीत."

"मग, काही उत्तर?"

"फोन वर चार्जिंगला लावलाय. हातात फोन घेऊन चकली पडत नाही."

दुपारी चहाच्या सुमाराला आमची बेल वाजली. मी दार उघडलं तर आनंद. केस विस्कटलेले, एका हातात वडिलांच्या घराची किल्ली, दुसऱ्या हातात वडिलांचा फोन. "वो इस्ट पापा?" बाबा कुठे आहेत, एवढंच तो म्हणाला. मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

काकांनी वर पाहिलं. "तू इथे कसा?"

आनंद जर्मनमध्ये, एका दमात बोलला. तुम्ही लिहिलंत म्हणून. मी फोन केला तर उचलत नाही. घरी केला, तिथेही उचलत नाही. हॅनोव्हरपासून गाडी चालवत आलो, वाटेत दोनदा श्टाऊमध्ये, गाड्यांच्या रांगेत, अडकलो. वर गेलो तर पलंग रिकामा, फोन टेबलावर.

"पण मी काय लिहिलं?"

आनंदने आपला फोन पुढे धरला. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मीही वाकून पाहिलं. काकांच्या फोनला खो हा शब्द माहीत नव्हता. त्याने आगाऊपणा करून तो जर्मनमध्ये सुधारला होता. तिथे लिहिलं होतं, 'का. ओ. बाबा.'

का-ओ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. जर्मनमध्ये माणूस का-ओ आहे म्हणजे पार गळून गेला, त्याच्यात आता काही राम उरला नाही. वाढदिवसाशिवाय कधी मेसेज न करणाऱ्या बापाने रविवारी सकाळी एवढंच लिहिलं होतं.

सगळा उलगडा झाल्यावर मी हसले. तुमचे आजोबा बाहेरच्या खोलीत हसले. काका हसले नाहीत. ते मुलाकडे बघत होते. "एवढ्या लांब आलास," ते म्हणाले.

"नातुर्लिश," आनंद म्हणाला. म्हणजे, येणारच.

काकांनी हात पुसले. "आलाच आहेस तर उत्तरं दे."

आनंद स्टुलावर बसला. त्याच्या हातात मी गरम चकली दिली. काका मराठीत विचारत होते, तो जर्मनमध्ये सांगत होता, आणि काका ते पुन्हा मराठीत मोठ्याने म्हणत होते, बरोबर आहे का तपासत. परत न केलेलं पुस्तक शाळेच्या ग्रंथालयातलं निघालं. काकांनी डोळे वटारले. शिफारस म्हणून त्याने ही चकलीच सांगितली. स्वतः खाल्लेली होती, म्हणून काकांनी ती मंजूर केली.

सातव्या प्रश्नाला त्याने आधी हातातली चकली संपवली. मग म्हणाला, "झोन्या."

काकांनी सोऱ्या खाली ठेवला. रेनाटे त्याला सोन्या म्हणायची, सासूकडून शिकलेली. पण तिच्या जर्मन तोंडून ते झोन्या व्हायचं, आणि ते इथे मुलीचं नाव आहे. मैदानावर ती झोन्या अशी हाक मारायची तेव्हा बाकीच्या आया मुलगी शोधत, आणि धावत यायचा हा, गुडघे फुटलेला. आनंद हे सांगताना हसत होता आणि काका मान हलवत होते. रेनाटे गेल्यावर हे नाव घरात पुन्हा कुणी उच्चारलंच नव्हतं.

"आता तीन जणांना खो दे," काका म्हणाले.

आनंद म्हणाला, मला मराठीत एवढी माणसं माहीत नाहीत. मग उठला आणि खुर्चीच्या मागे गेला. वडिलांच्या पाठीवर, एप्रनच्या गाठीच्या वर, त्याने हात ठेवला. "खो."

"जोरात म्हणायचं असतं," काका समोर बघत म्हणाले.

"खो."

दातेकाका उठून उभे राहिले. मला वाटलं, आता पुस्तकापासून सुरुवात होणार. पण पहिले सहा प्रश्न ओलांडून ते थेट सातव्यावर गेले.

"अहो," ते म्हणाले.

"काय गं?" बाहेरून तुमचे आजोबा ओरडले. त्यांना वाटलं, मी हाक मारली.

आनंदचा हात अजून वडिलांच्या पाठीवर होता. कढईतली चकली जरा जास्तच लाल झाली. मी ती काढली आणि दुसरी सोडली नाही.

दातेकाका आता हॅनोव्हरला आनंदजवळ असतात. केअरवोखंची पाटी हल्ली वरचे नवे भाडेकरू गुपचूप अडकवून जातात. मी मात्र दार उघडायचं झालं की अजून क्षणभर पाठ करून उभी राहते.

इरा, तुझ्या पाच प्रश्नांची उत्तरं मी उद्या पाठवीन. आवडता रंग राखाडी. तुझ्या पाठीवर हात ठेवायला मी फार लांब आहे, तेव्हा तू आरशाकडे पाठ करून उभी राहा आणि मी ठेवलाय असं समज. तुला खो. निशांत, तुलाही. वाचता येत नसेल तर आईकडून अक्षरं शिकून घ्या. सातव्या प्रश्नाचं माझं उत्तर मी फोनवर सांगणार नाही, ते काकांच्या ब्लॉगवरच वाचायचं.

'नववा गडी' अजून चालू आहे. आता त्यावर आनंद लिहितो, रोमन अक्षरांत, आणि काका खाली देवनागरीत चुका काढतात. सातवा प्रश्न अजून तोच आहे.