फिरव गाडी!

भोईर मावशी रोज संध्याकाळी भर रस्त्यात खुर्ची टाकून बसतात. रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यात! पुढच्या वळणापर्यंत जायचा कंटाळा म्हणून खरवईच्या आमच्या नाक्यावर अर्धं बदलापूर उलट्या बाजूने घुसतं. बरोबर त्याच तोंडाशी मावशींची लाल प्लास्टिकची खुर्ची. समोरून बाइक दिसली की पदर खोचून ओरडतात, "फिरव गाडी! डोले हायेत का बटनं?"

"आंटी, बस दो मिनिट..."

"आंटी तुज्या घरी. फिरव!"

एकदा एका मोठ्या गाडीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना. मावशींनी खुर्चीतच वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या. अर्धी टोपली सोलून झाली, तेव्हा शिव्या घालत तो मागे गेला. मी समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते, सगळं गॅलरीतून बघत होते.

आमच्या सोसायटीचा राग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निघतो. तिथे रागाची लाल तोंडं टाकणारेच सकाळी उलट्या बाजूने निघतात. मावशींना मोबाइल फक्त उचलता येतो, त्यामुळे त्यांचा राग रस्त्यावर असतो.

मग नाक्यावर कॅमेरा बसला. फीत कापली, पेढे वाटले. उलट्या जाणाऱ्याला घरपोच दंड, असं भाषणही झालं. उलटे जाणारे तसेच जात राहिले. मावशींनी मला ओढत वाहतूक चौकीत नेलं.

"साहेब, तुमचा कॅमेरा बघतो तरी काय?"

हवालदाराने निमूटपणे स्क्रीन आमच्याकडे वळवला. स्क्रीनभर एक भाऊ! गॉगल, हार, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. कॅमेऱ्याच्या पुढ्यातच बॅनर लागला होता. भाऊंच्या कानामागे रस्ता बोटभर दिसत होता.

"काढा मंग त्याला."

"बॅनर आमच्याकडे येत नाही, मावशी."

"कॅमेरा तुमचा, बॅनर नाय तुमचा. मंग रस्ता कोनाचा? माजा?"

तडक घरी येऊन त्यांनी कोयता काढला आणि बॅनरच्या दोऱ्या तोडल्या. भाऊ तोंडावर आपटले. थोड्याच वेळात कार्यकर्ते गुरगुरत आले. "बॅनर कोणी पाडला?"

"मी. वाढदिवस कवाच झाला. किती दिस जन्माला घालनार त्याला?"

एकाला हसू फुटलं, मग सगळेच निघाले. उलट्या बाजूने! मावशींच्या आवाजाने नाका हादरला.

पण एका संध्याकाळी डिलिव्हरीवाला एक तरुण सुसाट उलटा आला, खुर्ची बघून त्याने करकचून ब्रेक मारला आणि फरफटत गेला. मी धावत खाली उतरले, तोवर मावशींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तोंड चालूच होतं. "मेला असतास म्हंजे? कोनाला सांगायचं आमी?"

गुडघा फुटला होता. मावशींनी त्याला घरात नेऊन जखम धुतली, हळद दाबली, भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. जरा बरं वाटल्यावर तो निघाला, तर गाडीचं हँडल धरून उभ्या राहिल्या.

"घरी पोचलास का मना फोन कर. इसरलास तं दुसरा पाय मीच मोडीन."

मी मावशींचा नंबर त्याच्या फोनमध्ये घातला. तो गेला. मावशी वळणापर्यंत त्याला बघत राहिल्या, मग आम्ही घरात आलो. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचा एक समज होता, तो मी शेवटी विचारून टाकला. "मावशी, तुमचं कोणी रस्त्यावर अपघातात गेलं का हो?"

"नाय गो बाय. आमचे हे टेम्पो चालवायचे, पन रोज धड घरी आले. साखरेनं गेले, खाटेवर." त्यांनी त्या तरुणाचं ताट उचललं. "ते येईस्तवर मी जेवत नव्हते. आता काय, कवा बी जेवता येतं."

मी तिथेच बसून राहिले. चुलीजवळ मावशी उगाच भांडी इकडची तिकडे करत होत्या.

फोन वाजला.

"पोचलास? ...बरा."

फोन ठेवून मावशींनी स्वतःचं पान वाढून घेतलं.