लच्छू सध्या कुठं असतो

"तिघांलेबी एकाच दिवशी बलावलं तू?" कनीजनं निवडत असलेली कोथिंबीर सुपात टाकली. "सोनीबाजी, तुझं डोकं ठिकाण्यावर हाय ना?"

"येगयेगळ्या टाइमाले बलावलं ना," सोनीबाई तांदूळ धुता धुता म्हणाल्या. "पाळकसाहेब सकाळी जनरल पाळीच्या भोंग्याले. फादर जेवणाच्या भोंग्याले. अन् विक्कीबापू सुटीच्या भोंग्याले. एक उठला का दुसरा बसंल. कोणाले पत्ता नाई लागत."

कनीजला हे पटलं. ती शेजारीणच, सोनीबाईंना बाजी म्हणजे ताई म्हणणारी, आणि बल्लारपुरात कागदगिरणीच्या भोंग्यावर सगळ्यांचाच दिवस चालतो. लग्नाचा मुहूर्त असो की दाताच्या डॉक्टरची वेळ, माणसं भोंग्याच्या हिशेबानंच सांगतात, आणि ऐकणारा मान डोलावतो.

त्या दिवशी सोनीबाईंच्या नवऱ्याला, लच्छूला जाऊन वर्ष झालं होतं. लच्छू एटापल्लीच्या जंगलातून गिरणीसाठी बांबू आणणारा ट्रक चालवायचा. लग्नाआधी त्यानं बाप्तिस्मा घेतला, तो सोनीबाई मिळाव्यात म्हणून. त्या मिळाल्यावर त्याला चर्चमध्ये जायचं कारण उरलं नाही. रविवारी सकाळी घंटा वाजली की तो गळ घेऊन वर्धा नदीवर जायचा. एका रविवारी तिथेच, काठावरच्या दगडाला टेकून, हातात गळ धरून तो गेला. गळाला मासा लागलेला होता, असं लोक सांगत.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. त्याचं नावच बंद झालं. वर्षाच्या शेवटच्या उपासनेत पाळक रामटेके त्या साली प्रभूमध्ये निजलेल्यांची नावं मोठ्यानं घेतात. सोनीबाई पदर सावरून बसल्या. नावं झाली, आमेन झालं, लच्छू आलाच नाही. तेव्हापासून मंडळीतल्या बायका त्यांच्याशी बोलताना आवाज खाली घेऊन "तुमचे ते" म्हणू लागल्या. मुलगी उर्वशी बापाचा विषय निघाला की रडायची, म्हणून घरात विषय निघत नसे. आणि सोनीबाईंच्या वयाच्या बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं ही सवय काही धुऊन निघाली नव्हती. एरवी ते गरजेचंही नव्हतं. दारात ट्रक लागला की दहा माणसं "ए लच्छू, लच्छूभाऊ" करत यायची. आता ट्रक नव्हता, दहा माणसं नव्हती. वर्षभर घरात कुणी "लच्छू" म्हणालं नव्हतं.

सोनीबाईंना एवढंच हवं होतं. कुणीतरी येऊन ते नाव मोठ्यानं घ्यावं.

त्या आधी पाळकसाहेबांकडेच गेल्या. ते म्हणाले, "येतो बाई. कुटुंबासाठी प्रार्थना करू. त्याच्यासाठी आता करून फायदा नाई. तिथून वापस यायचा रस्ता नाई." मग दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं की, नवे आलेले फादर कुरियाकोस मृतांसाठी प्रार्थना करतात, आणि तीही नाव घेऊन. "नाव घेऊन?" सोनीबाईंनी तीनदा विचारलं आणि फादरनाही बोलावलं. हे जावयाच्या कानावर गेलं. विक्की गिरणीत कंत्राटी कामावर होता आणि दोन वर्षांपासून शनिवार पाळणाऱ्या एका नव्या संगतीत ब्रदर झाला होता. तो म्हणाला, "घरचा ब्रदर असून तुम्ही बाहेरचे बलावता? मंग मी कोन व्हय?" जावयाला नाही कसं म्हणायचं? त्यालाही बोलावलं.

बेत तसा चोख होता. फक्त गिरणी त्या आठवड्यात यंत्रांच्या दुरुस्तीसाठी बंद होती आणि भोंगा वाजत नव्हता. हे सोनीबाईंना माहीत होतं, कनीजला माहीत होतं, पाळकांना, फादरना आणि त्यामुळेच घरी बसलेल्या विक्कीला तर होतंच. पण जेव्हा "जनरलच्या भोंग्याले या" असं म्हटलं गेलं, तेव्हा प्रत्येकानं हो म्हटलं.

पाळक रामटेके सकाळी धुतलेला सदरा घालून भोंग्याची वाट पाहत खुर्चीत बसले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. जागे झाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ते घाईनं स्कूटरवर बसले. फादर कुरियाकोस नवे. उशीर नको म्हणून ते जरा लवकरच निघाले. विक्कीनं विचार केला, आज कामच नाही, तर सुटी झाल्यातच जमा आहे. जाऊन सतरंज्या तरी टाकू.

तिघं एकाच वेळी फाटकाशी आले.

"या," सोनीबाई म्हणाल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

"आई, मी विलंबाने तर आलो नाही ना?" फादर केरळचे. मराठी त्यांनी पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे गावात सगळ्यांत शुद्ध मराठी तेच बोलत.

पाळकांनी फादरकडे पाहिलं, विक्कीकडे पाहिलं. "बाई, हे काय होय?"

"चहा घ्या जी आधी," कनीज मधे पडली. तिनं तिघांच्या हातात कप दिले.

चहा पिईपर्यंत शांतता टिकली. मग प्रार्थना कुणी सुरू करायची हा प्रश्न आला. फादर वयानं लहान, म्हणून त्यांनी नम्रपणे पाळकांना म्हटलं, "आपण प्रारंभ करावा. मी लच्छूच्या आत्म्याच्या शांतीसाठी शेवटी दोन शब्द म्हणेन."

लच्छूच्या. सोनीबाई चुलीपाशी होत्या, त्यांच्या हातातला झारा तसाच राहिला. नाव किती सहज आलं. बाहेर जाऊन आल्यासारखं.

"कायची शांती?" पाळक म्हणाले. "फादर, तुम्ही नवे आहा. लच्छू माणूस चांगला होता, पन देवाच्या घरी पाय ठेवला नाई त्यानं. मी खोटं काऊन बोलू? शास्त्रात साफ लिहिलं आहे. अग्नी इझत नाई."

"परंतु शुद्धीस्थान आहे ना," फादर म्हणाले. "लहान पापे तेथे धुतली जातात. आपल्या प्रार्थनेने लच्छूला साहाय्य होते."

"म्हंजे गाडी धुवाले लागली हाय," कनीज सोनीबाईंच्या कानात म्हणाली. "मंग बरं हाय. त्याले गाडी धुवाची हौसच होती."

"दोघंबी चुकून राह्यले," विक्कीनं सतरंजी झटकली. "कायमचा जाळत ठेवाले देव काय वीटभट्टीवाला हाय का? शेवटच्या दिशी न्याय होईल. जो वाईट तो तणसासारखा जळंल, राख होईल, खेळ खतम. तकलीफ नाई."

"म्हंजे मंग तो कुठी राह्यते?" सोनीबाईंनी आतूनच विचारलं.

"कुठीच नाई, मामी. राहातच नाई."

सोनीबाईंना हे सगळ्यांत वाईट वाटलं. पाळकसाहेबांच्या नरकात निदान ते होते तरी. कुठेतरी बसलेले, घाम पुसत, कुणाला तरी विडी मागत. जावयाच्या दयेनं तर त्यांना पुसूनच टाकलं होतं.

"राख काऊन होईल?" त्या बाहेर आल्या. "असं काय केलं होतं त्यायनं?"

"रविवार मोडला," पाळक म्हणाले. "बाई, मी दर आठवड्याले सांगत होतो त्याले. लच्छू, ये. लच्छू, मागच्या बाकावर बस, झोपला तरी चालंल. तो म्हने, साहेब, तुम्ही माणसं पकडा, मी मासे पकडतो."

फादर हसले आणि लगेच गंभीर झाले.

"अन् ते मासे कोनाच्या घरी जात?" विक्कीनं विचारलं. "सांगा ना पाळकसाहेब. रविवारी सांजीले तुमच्या बंगल्यावर मासा कोन पोहोचवे?"

पाळकांचा चेहरा लाल झाला. "मासा वेगळा, लच्छू वेगळा. मेलेल्या माशाले वार नसते."

"खाणाऱ्याले तर असते!"

"अन् तू बोलून राह्यला?" पाळक उसळले. "तुमच्या संगतीत रविवारले किंमतच नाई! तुम्ही तर शनिवार पाळता!"

"पाळतो! शब्बाथ शनिवारीच हाय!"

"मग लच्छू शनिवारी काय करे?" पाळकांनी बोट रोखलं.

विक्कीनं सतरंजी खाली ठेवली. सगळ्या गावाला माहीत होतं. शुक्रवारी बांबूची खेप टाकून लच्छू यायचा आणि शनिवारभर ओसरीवर झोपायचा. ना काम, ना धंदा, ना चूल पेटू द्यायचा. खडखड होते म्हणायचा.

"म्हणजे लच्छूने शब्बाथ पाळला," फादर हळूच म्हणाले. "अत्यंत काटेकोरपणे."

"पाळला का नाई बोल!" पाळक ओरडले. आपण नेमकं कुणाच्या बाजूनं भांडतोय हे ते विसरले होते.

विक्कीनं डोकं खाजवलं. "तसं पाहाल तं... मंग तो राख नाई होत. मंग तो निजला हाय. आमच्यात असं हाय का मेलेला माणूस निजून राह्यते. पुनरुत्थानाच्या दिशी उठते."

"उठंल का पन?" सोनीबाई म्हणाल्या. "शनिवारचे तर हालवून हालवून उठत नव्हते."

आता मात्र पाळकांना उमगलं की खटला हातातून निसटतोय. "एका शनिवारानं काय होते?" ते म्हणाले. "नाताळचं सांगू? फादर, तुम्हीच ऐका. आमची गाण्याची मंडळी राजुऱ्याले न्यायची होती. लच्छू म्हने, माह्या ट्रकात बसा. बसलो आम्ही, बायका, लेकरं, पेटी, ढोलकी. अन् ह्या लच्छूनं कुठी नेलं? सागाच्या जंगलात! इंजन बंद केलं. थंडी अशी का दात वाजे. म्हने, साहेब, इथी गा. राजुऱ्याच्या लोकाइनं लय वेळा ऐकलं, ह्या झाडाइले कोन ऐकवंल? हे कधी चर्चमध्ये येतील?"

"मग?" फादर पुढे सरकले.

"मग काय! त्यानं चाबी खिशात टाकली. गायलो."

"झाडांसमोर?"

"हो." पाळकांनी कप उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला. "तसं गाणं मग कधी जमलंच नाई पाहा. चर्चमध्ये नाई जमलं. लय प्रयत्न केला." आणि मग सोनीबाईंकडे न पाहता म्हणाले, "बाई, तुमाले वाटत असंल का मले त्याले तिथी पाठवून आनंद होते. मी त्याचं नाव घेतलं नाई, कारण घेतलं असतं तर पुढचं वाचता आलं नसतं. मले झोप येत नाई. मी जे मानतो ते खरं असंल तर माहा दोस्त कुठी आहे, हे मलेच सगळ्यात जास्त मालूम आहे."

बाहेर कनीजच्या कोंबड्या ओरडत होत्या.

विक्कीनं पाळकांसाठी पाणी आणलं. लहानपणी त्यांच्याच संडे स्कूलमध्ये तो शिकला होता, त्यांच्या हातचे चिंचेचे फोकही खाल्ले होते. फादर म्हणाले, "लच्छू कोठे आहे हे परमेश्वर जाणतो. आपण त्याला परमेश्वराच्या दयेवर सोपवू. यावर तिघांचे एकमत होऊ शकेल काय?"

पाळकांनी मान हलवली. विक्कीनंही हलवली. तिघं उभे राहिले, डोळे मिटले. प्रार्थना छोटी झाली आणि सुंदर झाली. वाद मिटला.

मग पानं वाढली. भात, डाळ, वांग्याची भाजी. तिघं जेवू लागले. शहाण्या माणसांसारखे, एकमेकांना भाजी देत. पाळक म्हणाले, यंदा धान बरं आहे. फादर म्हणाले, होय, परंतु रस्ते वाईट आहेत. विक्की म्हणाला, रस्त्याचं टेंडर निघून राह्यलं.

सोनीबाई वाढता वाढता ऐकत होत्या. धान, रस्ते, टेंडर. इतका वेळ घर कसं भरलं होतं. दोषी म्हणून असेल, निर्दोष म्हणून असेल, पण ते दारातून आत-बाहेर करत होते, ट्रकची चावी खिशात टाकत होते, ओसरीवर घोरत होते. आता देवाच्या दयेवर सोपवले आणि एकदम पाठमोरे झाले. भात संपेल, हात धुतील, स्कूटर सुरू होईल. सगळे समाधानानं जातील. समाधान झालेली माणसं परत कशाला नाव काढतात?

पाळकांनी शेवटचा घास घेतला. फादर ताटावरून उठायच्या बेतात होते.

"पाळकसाहेब," सोनीबाई म्हणाल्या, "एक सांगाचं राह्यलं होतं. तुमाले आठवते का, ईस्टरच्या आधी प्रभुभोजनाचा द्राक्षरस कमी पडला होता?"

"तो सांडला होता ना? कपाटात बाटली आडवी झाली."

"सांडला नव्हता जी," सोनीबाईंनी पदराला हात पुसले. "उर्वशीच्या बाबाइनं नेला होता. घाटावर एका क्लीनरले ताप भरला होता, त्याले पाजला."

कनीजनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. असं काही झाल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. खरं तर सोनीबाईंनीही आत्ताच ऐकलं होतं. नवऱ्याच्या डोक्यावर आणखी एक पाप ठेवताना त्यांनी जरासुद्धा मागेपुढे पाहिलं नाही.

पाळकांनी पान बाजूला सरकवलं. "लच्छूनं?"

"अरे वा!" विक्की सरळ बसला. "तापलेल्या माणसाले पाजला. हे तं पुण्य झालं!"

"चोरी झाली! पवित्र वस्तूची चोरी!"

"लच्छू चोर नव्हता, सांगून ठेवतो!"

"थांबा, थांबा." फादर कुरियाकोस यांनी लच्छूला आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा मांडी घातली आणि ताटात भात ओढून घेतला. "आई, क्रमाने सांगा. लच्छू कपाटापर्यंत गेला. कुलूप होते का? मग लच्छूने काय केले?"

"सांगते जी," सोनीबाई म्हणाल्या, आणि आधी चुलीवर चहाचं मोठं पातेलं चढवलं.