सोपानतात्यांचा मामा

आमच्या शेजारच्या सोपानतात्यांकडे गेलेल्या माणसाला आधी थुंकावं लागतं, मग पाणी मिळतं. मस्करी नाही करत. बोटभर लांबीची प्लास्टिकची नळी असते, तिच्यात रेघेपर्यंत थुंकी भरायची आणि झाकण लावून हलवायची. तेवढं उरकलं की तात्या आत तोंड करून ओरडतात, "च्या टाका गं, पावण्यांचं झालं!"

नळ्या पुरवतो त्यांचा मुलगा. तो परदेशात असतो. एका सुट्टीत त्यानं गंमत म्हणून एक नळी आणली. थुंकी पाठवली की आपलं रक्त कुणाकुणाशी जुळतं ते मोबाईलवर कळतं, असं त्यानं बापाला समजावलं आणि तिथंच पोरगं चुकलं. तात्यांना नाद लागला. आता तो येताना चॉकलेटं आणत नाही, नळ्या आणतो. त्या फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी असतात. गार ठेवायची काही गरज नाही, पण डॉक्टरकीची वस्तू म्हणजे फ्रिजमध्येच, हा तात्यांचा कायदा.

तात्या एसटीत कंडक्टर होते. बारामती-इंदापूर हा रस्ता त्यांच्या पायाखाली झिजला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी नवा माणूस दिसला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठनं बसला?" म्हणजे मूळचे कुठले. तुम्ही म्हणालात बारामती, की ते मान हलवतात. "ते आत्ताचं झालं. आजा कुठनं बसला? पणजा?" पणजापर्यंत तिकीट फाडल्याशिवाय माणसाला सोडत नाहीत.

नळी मात्र सगळ्यांना नसते. त्याआधी कान तपासतात. तात्यांच्या आईच्या, साळूआजीच्या, कानाच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या आहेत. तशी पाळी दिसली की तात्यांचे डोळे चमकतात. गॅस सिलिंडरवाला थुंकलाय. विम्याचा एजंट थुंकलाय, तोही आनंदानं. त्याला वाटलं, पॉलिसी निघतेय. माझेही कान तसेच निघाले. आमची ही म्हणाली, "चला, ऐकायच्या नाही तर नाही, कशाच्या तरी कामाला आले."

माझं रक्त जुळलं ते कुणाशी म्हणता? आमच्याच गल्लीतल्या गायकवाडाशी! ह्या गृहस्थाशी मी गाडी लावण्याच्या जागेवरून वर्षभर बोलत नव्हतो. मी कपाळावर हात मारला. तात्या मात्र खूश. "आता काय अडचन न्हाय. इतके दिवस नुसतं भांडण हुतं, आजपासनं भाऊबंदकी झाली. हक्कानं भांडा!"

मोबाईलवर येणाऱ्या त्या निकालाचा त्यांना एकाच गोष्टीसाठी राग होता. कुणीही जुळला की त्यापुढं कझिन लिहिलेलं असायचं. "आरं, कझिन म्हंजी कोन? चुलत का आते? मामे का मावस? समद्यांना एकाच पोत्यात भरून शिवून टाकलंय! लग्नात आहेर कुनी करायचा, रुसायचं कुनी, कायच कळत न्हाय." मुलाला फोन लावून त्यांनी कंपनीकडं तक्रार करायला सांगितली. मुलानं केली नसावी.

मला वाटायचं, रिकामपणाचे उद्योग. मग एकदा आमच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई गेल्या. सगळी तयारी झाली, माणसं जमली, पण कुणी हालेना. बाईचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि भाऊ लोणी भापकरहून यायचा होता. ऊन चढलं. शेवटी भाऊ मोटारसायकलवरून आला, लुगड्याची पिशवी छातीशी धरलेली. बायकांनी ते लुगडं नेसवलं आणि मग बाई निघाल्या. तात्या माझ्या शेजारी उभे होते. एरवी चार माणसांत गप्प न बसणारा माणूस, पण तेव्हा हळूच म्हणाले, "आमच्या आयेला कोन आननार?"

तेव्हा मला सगळं कळलं. साळूआजी चार-पाच वर्षांची असताना सुप्याच्या बाजारात हरवली होती. रडत बसलेली पोर एका मूलबाळ नसलेल्या जोडप्यानं घरी नेली, वाढवली, लग्न करून दिलं. ते दोघंही फार वर्षांपूर्वी गेले. आजीला माहेरचं आठवतं ते एवढंच, की लई मोठं पाणी होतं आणि त्यात होडी होती. बाकी ना गाव, ना नाव. दिवाळीला गल्लीतल्या बायका माहेरी जायच्या, आजी अंगणात बसून त्यांच्या पिशव्या बघायची. जन्मभर दुसऱ्यांना 'कुठनं बसला' विचारणाऱ्या माणसाच्या आईलाच ते सांगता येत नव्हतं. नव्वदीला टेकलेली म्हातारी. वेळ किती उरला, हे काय सांगायला पाहिजे?

मी म्हणालो, "मग तात्या, गल्लीला कशाला थुंकवता? आजीचीच थुंकी पाठवा की!"

"माजी पाठवली, आयेकडचं कुनी गावलं न्हाय. तिची दोनदा मागं आली," तात्या म्हणाले. "मिसरी!"

आजीच्या तोंडात चोवीस तास मिसरी. नळी भरायच्या आधी अर्धा तास तोंडात काही नको, असा नियम. आजी कुठली ऐकते! पुढच्या खेपेला मीही पंचांसारखा बसलो. तात्यांनी मिसरीची डबी खिशात घातली, घड्याळ समोर ठेवलं. आजीनं त्या अर्ध्या तासात सगळ्यांचा उद्धार केला. "जलमभर भितीवर थुकू नगं म्हून माज्यावर खेकसला आन् आता नळी धरून बसलाय. सोपाना, तुजं डोस्कं फिरलंय." पण भरली बाई नळी. भरली आणि हात पुढं केला, "आन माजी डबी."

ह्या वेळी थुंकी मागं आली नाही. दीड-दोन महिन्यांनी आजीच्या नावाखाली एक माणूस जुळला. लांबचाच, पण आजीच्या बाजूचा. पोपटराव, इंदापूरकडचे. दुधाचा टँकर चालवतात. मुलगी पुण्याला शिकते, तिनं हौसेनं बापाची थुंकी पाठवली होती. तिच्याकडनंच कळलं, हा माणूस टँकर घेऊन रोज आमच्या एमआयडीसीतल्या डेअरीत येत होता! तात्या बातमी घेऊन माझ्याकडं आले ते चप्पल न घालताच.

दुसऱ्या दिवशी आम्ही डेअरीच्या गेटवर. पोपटराव असेल पंचेचाळिशीचा. तात्या सत्तरीच्या घरात. मी ओळख करून द्यायला तोंड उघडतो तोवर तात्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर वाकले आणि त्याचे पाय धरले. "मामा!"

पोपटराव दोन पावलं मागं उडाला. "अवो तात्या, काय करताय! मी ल्हान हाय तुमच्यापरास!"

"वयाचं काय घिऊन बसलाय? आयेच्या माहेरचा बाप्या म्हंजी मामाच."

चहाच्या टपरीवर पोपटरावानं सगळं ऐकून घेतलं. लुगड्याचा विषय तात्यांनी काढला नाही, काढवेना. मीच सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. "खरं सांगू का तात्या, आमच्यात पोरगी हरवल्याचं कुनी कवा बोललं न्हाय. जुनं गाव उजनीच्या पान्यात गेलं, जुनी मानसं मेली. मी व्हय म्हनलो तर ते खोटं हुईल."

"खोटं बोलू नगा," तात्या म्हणाले. "पर एकदा घरी या."

रविवारी पोपटराव आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. दारातच अवघडून म्हणाला, "आमच्या आईला सांगितलं. ती म्हनली, कुनाला ठावं नसंना का, त्या बाईकडं मोकळ्या हातानं जाऊ नगंस." आणि पिशवीतनं हिरवं लुगडं काढून त्यानं आजीच्या मांडीवर ठेवलं.

आजीनं लुगड्यावरून हात फिरवला. काठ चाचपले, नाकाशी नेऊन वास घेतला. बराच वेळ घेतला. मग विचारलं, "तुमच्या गावाला होडी हुती का रं?"

"हुती. आमचा आजा बाजाराला होडीनंच पल्याड जायचा."

आजीनं मान हलवली. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. तिनं लुगड्याची घडी नीट केली आणि तात्यांच्या हातात दिली. "सोपाना, ट्रंकंत ठिव. पार तळाला. लागंल तवा काढ."

इतकी वर्षं तात्यांनी जीव टाकला तो ह्याच लुगड्यासाठी. आणि ते हातात आल्यावर माणसाला ट्रंकेपर्यंत चालवेना. उभेच राहिले. "आये," म्हणाले, "आज नेस की."

"खुळा का काय तू? आज नेसली तर त्या दिशी काय नेसवशील, तुज्या नळ्या?"

पोपटराव रिकाम्या पिशवीची घडी घालत होता. खाली बघूनच तो म्हणाला, "नेस आक्का. त्या दिशी मी दुसरं आनतो."

आक्का! तात्या ज्याला मामा म्हणतील, त्याची ती आक्काच. त्यानं नातं मानलं होतं. आजी भिंतीला धरून उठली, तात्यांच्या हातातलं लुगडं ओढून घेतलं आणि सुनेला हाक मारत आत गेली.

तात्या दाराकडं तोंड करून उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मग उपरण्यानं तोंड पुसून ते वळले आणि म्हणाले, "मामा, पानी घेता का?"