डावं चाक

साळवेमामा रोज दुपारी एका रिकाम्या स्टुलाला दटावतात. "धरलंस का? आता हलू नगंस." मी दौंडात घरपोच डबे देते. मामांचा डबा शेवटचा, म्हणून हे रोज कानावर पडतं. आधी वाटलं, फोनवर बोलतात. फोन तर खिडकीत चार्जिंगला लावलेला.

मामा लोको शेडमधले निवृत्त फिटर. हातभर लांबीचं वाफेचं इंजिन बनवतायत. सगळं तयार आहे, चाकं तेवढी बसत नाहीत. एका आसावर दोन चाकं, दोन्हींवर दांडा अडकवायला एकेक पिन. एक पिन वर असली की दुसरी पुढं हवी, बरोबर काटकोनात. "एक बाजू अडली, की दुसरीनं वढायचं. दोन्ही संगट अडल्या, मंग बसा बोंबलत," मामा सांगतात. त्यासाठी एकानं उजवं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं डावं धरायचं. धरायचं काम मामींचं. मामी आता नाहीत.

मामा रोज म्हणतात, उद्या सोल्यूशन लावून चिकटवतो. दुसऱ्या दिवशी चाक काढलेलं असतं. "वाकडं बसलं व्हतं."

एकदा मी दारातून पाहिलं. मामांनी उजवं चाक फिरवलं, आसही फिरला. डावं जागचं हललं नाही. त्याला ना शिकंजा लावलेला, ना कुणाचा हात.

"गंजलं असेल," मी म्हटलं.

"न्हाई. नवं हाय."

अर्धवट कामं मला बघवत नाहीत. "सरका, मी धरते. आज चिकटवूनच टाका."

 मामा स्टुलाकडं बघून हळूच म्हणाले, "ऊठ जरा. ताई बसत्यात."

मी बसले. स्टूल उबदार होतं. त्या खोलीत ऊन येत नाही.

मी डावं चाक धरलं, मामांनी उजवं जुळवलं. सोल्यूशनची बाटली घेतली, झाकण मात्र उघडेनात.

"ह्ये एकदा चिकटलं, म्हंजी तिचं काम संपलं," ते म्हणाले. "मंग ती कशाला यील हितं?"

मी गुण्या लावून पाहिला. काटकोन चोख होता.

"वाकडं आहे, मामा," मी म्हटलं. "काढा परत."

आणि उठले.

हल्ली मी डबा उभ्यानंच देते. बसायला जागा नसते.