बंपर पसंती

"इंग्रजीचं काय कवतिक सांगता रं? पलटनीत कर्नलसायबाला चहा पाजता पाजता शिकलोय मी!" म्हसवडचे नानासो पारावर छाती फुगवून सांगायचे. आणि खरंच, इंग्रजी शब्द कानावर आला की ते मेंढवाड्यातल्या कुत्र्यासारखी त्यावर झेप घ्यायचे. आपला की परका, ते मागाहून!

त्यांची लेक उत्कर्षा सांगलीला, विश्रामबागेतल्या एका ऑफिसात नोकरीला. रविवारी साताऱ्याचं स्थळ तिला बघून गेलं. पाहुण्यांची गाडी वळणाआड जाते न जाते तोच नानासोंनी विचारलं, "कसा वाटला गं विश्वजित?"

उत्कर्षा पाठीला बॅग लावून एसटीला निघाली होती. तिनं उसासा सोडला. "बमर, आण्णा!"

"ऐकलंस, अंजना?" नानासो बायकोकडं वळले. "बंपर म्हनली!"

"आवं, पन तोंड तर एरंडेल प्याल्यागत हुतं!"

"सासरी जायचं म्हनल्यावर दात काढंल व्हय?"

लेकीची एसटी हलायच्या आत साताऱ्याला फोन लागला. "भाऊसो, पोरीची बंपर पसंती!"

पलीकडून मुलाचे वडील गरजले, "आमच्याकडूनबी होकार धरा!"

मग काय! बातमी माणगंगेच्या काठानं वाऱ्याच्याही पुढं पळाली. पुढच्या रविवारी दारात मांडव, मांडवात ढोल, चुलीवर शिऱ्याची ही एवढी कढई! उत्कर्षाला फक्त "जेवान हाय, ये" एवढाच निरोप. ती आली ती थेट सुपारी फोडायला बसलेल्या पाव्हण्यांच्या पुढ्यात!

"आण्णा, हे काय?"

"तुजीच सुपारी! बंपर म्हनलीस न्हवं?"

"बमर म्हणाले मी! बमर!"

ढोल थबकला. "म्हंजी?" नानासोंनी विचारलं.

"म्हणजे जत्रेत पाळण्याला रांग धरावी, उन्हात तापावं, आपली पाळी यावी, अन् लाईट जावी. ते बमर!"

एकटे भाऊसो तेवढे खदाखदा हसले. "काय ओ नानासो! एवढंसं इंग्रजी कळंना तुमाला?"

"बाबा," शेजारून विश्वजित पुटपुटला, "त्या दिवशी गाडीत मीपण तेच म्हणालो होतो."

भाऊसोंचं हसू मिशीतच वाळलं. नानासोंना मात्र भलताच जोर चढला.

"शिकलेली पोरं तुमी! नसंल पसंत, तर सरळ मराठीत 'न्हाई' म्हनायला काय हुतंय?"

"म्हनले हुते की!" उत्कर्षा कडाडली. "ही मानसं बघाय यायच्या आधीच म्हनले! तवा तुमीच गावभर सांगितलंत, पोरगी लाजतीया!"